अन्ननलिकेत गाठ आणि फुप्फुसातही गाठ: घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्यातल्या आमच्या ओपीडीत अन्ननलिकेच्या कर्करोगाचे पेशंट बरेच येतात. त्यातल्या मोजक्यांच्या फाईलमध्ये आणखी एक कागद निघतो: पेट स्कॅनमध्ये फुप्फुसातही गाठ दिसली आहे. हे पान त्या मोजक्यांसाठी. इथले प्रश्न त्यांच्या घरच्यांनी विचारलेले आहेत, बहुतेक वेळा पेशंटला बाहेर बाकावर बसवून, आवाज खाली आणून. उत्तरं मी ओपीडीत देते तशीच लिहिली आहेत. तुमच्या पेशंटचं काय करायचं, ते मात्र तुमचे डॉक्टर त्याची फाईल आणि स्कॅन समोर ठेवूनच ठरवतील.

दोन ठिकाणी कर्करोग म्हणजे तो पसरला, चौथी स्टेज. मग ऑपरेशनचा प्रश्नच कुठे येतो?

पहिला प्रश्न हाच असतो, आणि पेशंटचं सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं.

अन्ननलिकेचा कर्करोग फुप्फुसात पसरतो, हे खरं आहे. तसा पसरला असेल तर ती चौथी स्टेज, आणि अन्ननलिका काढून फारसं काही हाती लागत नाही. पण फुप्फुसातली गाठ तिथेच उगवलेली, दुसऱ्याच कर्करोगाची असू शकते. मग हिशेब बदलतो. अन्ननलिकेची स्टेज वेगळी मोजायची, फुप्फुसाची वेगळी. दोन्ही आपापल्या जागी मर्यादित असतील तर दोन्हींवर बरं करण्याच्या उद्देशाने उपचार करता येतात.

वागळे इस्टेटमधले एक रिक्षावाले काका आठवतात. त्यांच्या स्कॅनच्या कागदावर शेवटी एक ओळ होती, 'फुप्फुसातील गाठ पसरलेल्या कर्करोगाची असावी'. त्या 'असावी'कडे कोणी पाहिलं नाही. एका ठिकाणी त्यांना सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खायला द्या. दीड महिन्याने मुलगी सीडी घेऊन आमच्याकडे आली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एकच गाठ होती, कडा काटेरी. सुईने तुकडा काढून तपासला. अन्ननलिकेतला कर्करोग स्क्वॅमस जातीचा, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा होता, फुप्फुसातला अडेनो, म्हणजे स्राव करणाऱ्या पेशींचा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. दीड महिना मात्र गेला तो गेलाच, आणि त्यात वजन सात किलोने उतरलं.

दोन वेगळे कर्करोग आहेत, हे ठरवतात कसं?

आधी स्कॅनवर. दोन्ही फुप्फुसांत विखुरलेल्या, गोल, गुळगुळीत कडांच्या अनेक गाठी असतील तर पसरल्याचा संशय बळावतो. एकच गाठ, तीही काटेरी कडांची, असेल तर ती फुप्फुसाचीच असण्याची शक्यता जास्त. पण स्कॅन म्हणजे सावली. निर्णय तुकड्यावर.

अन्ननलिकेचा तुकडा एंडोस्कोपीत घेतात. फुप्फुसाचा तुकडा सीटी स्कॅनमध्ये बघत बाहेरून सुई घालून किंवा श्वासनलिकेतून दुर्बीण घालून घेतात. छातीच्या मधोमध असलेल्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) मोठ्या दिसत असतील तर त्याही सुईने तपासायच्या, कारण तिथे कर्करोग निघाला तर सगळी योजना बदलते.

एक तुकडा स्क्वॅमस आणि दुसरा अडेनो निघाला की प्रश्न सुटला. टीटीएफ-१ नावाचा रंग अडेनो जातीच्या गाठीने घेतला तर ती फुप्फुसातली असण्याला मोठा आधार मिळतो. स्क्वॅमस ओळखायला पी४० वापरतात. पेच पडतो तो दोन्हीकडे स्क्वॅमस निघाल्यावर. पी४० दोन्ही ठिकाणी सारखाच येतो, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. मग गाठीची जागा, तिची वाढ, ग्रंथींची अवस्था आणि जमल्यास जनुकीय तपासणी असं सगळं एकत्र ठेवून ट्यूमर बोर्डात, म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांच्या बैठकीत चर्चा होते. तरीही खात्री झाली नाही, आणि फुप्फुसातली गाठ एकटी व काढण्याजोगी असेल, तर संशयाचा फायदा पेशंटला द्यावा, या मताची मी आहे. सगळे सर्जन माझ्याशी सहमत होणार नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. स्कॅनची सीडी न्या, आणि बायोप्सी केलेल्या लॅबकडून, तुकडा ज्यात जपलेला असतो त्या काचा व मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तो तुकडा तुमच्या पेशंटचा आहे, मागितला की देतात. त्यावरूनच पुन्हा तपासता येतं, नाहीतर नव्याने सुई टोचावी लागते.

फुप्फुसात गाठ म्हणजे टीबीही असू शकतो ना?

असू शकतो, आणि आपल्याकडे हे विसरून चालत नाही. टीबीची गाठ पेट स्कॅनमध्ये कर्करोगासारखीच चमकते, कारण ते यंत्र साखर जास्त खाणाऱ्या पेशी दाखवतं. त्या कर्करोगाच्या की सुजेच्या, हे त्याला कळत नाही.

चुका दोन्हीकडून होतात. जुन्या टीबीच्या डागाला 'पसरलेला कर्करोग' समजून ऑपरेशन नाकारलं जातं. उलट, तुकडा न तपासता 'टीबीच असेल' म्हणून सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो आणि गाठ तेवढ्यात वाढते. दुसरी चूक मला जास्त वेळा दिसते. पूर्वीचा छातीचा एक्स-रे घरात कुठे असेल, ट्रंकेत, कपाटावर, तर शोधून आणा. पाच वर्षांपूर्वीही तोच डाग तेवढाच होता असं दिसलं, तर निम्मी काळजी मिटते.

एकाच माणसाला दोन-दोन कर्करोग? आमच्याच नशिबी का?

तोंड, घसा, अन्ननलिका, श्वासनलिका आणि फुप्फुसं यांच्या आतल्या अस्तरावर वर्षानुवर्षं एकच मारा होत असतो. विडी-सिगारेटचा धूर सगळीकडे जातो, त्यातली रसायनं लाळेबरोबर गिळलीही जातात. तंबाखू आणि मिसरीचा रस गिळला जातो. दारूची जोड असली की अन्ननलिकेचा धोका कितीतरी पटीने वाढतो. त्यामुळे एकाच ठिकाणी नाही, तर सबंध पट्ट्यात पेशी बिघडत जातात आणि दोन जागी स्वतंत्रपणे कर्करोग उगवू शकतो. ही कल्पना तोंडाच्या कर्करोगाच्या अभ्यासातून १९५३ साली मांडली गेली, आणि आजही ती लागू पडते. दोन्ही कर्करोग एकदमच किंवा सहा महिन्यांच्या आत सापडले तर त्यांना एकाच वेळचे म्हणतात. त्याहून उशिरा सापडला तर तो नंतरचा दुसरा.

म्हणून अन्ननलिकेच्या पेशंटचं तोंड आणि घसाही आम्ही नीट तपासतो. दिघ्याच्या एक आजी आल्या होत्या, 'मी कधी तंबाखूला हात लावला नाही' म्हणणाऱ्या. दात कशाने घासता, विचारलं, तर कमरेच्या चंचीतून मिसरीची डबी काढून दाखवली. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. त्यांच्या लेखी ते मंजन होतं.

व्यसन नसलेल्यांनाही फुप्फुसाचा अडेनो कर्करोग होतो, हेही सांगायला हवं. पेशंटला दोष देऊन काही मिळत नाही.

मुलांना होईल का?

हे दोन कर्करोग सहसा रक्तातून पुढच्या पिढीत जात नाहीत. सवयी जातात.

एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही काढून टाकता येत नाही का?

कधी येतं, कधी येत नाही, आणि कधी जमत असूनही करू नये. इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण तुम्हाला दोन सर्जनांकडून दोन वेगळी मतं मिळतील आणि दोघंही बरोबर असू शकतील.

अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांबीची नळी, मणक्याला चिकटून छातीतून खाली उतरणारी. छातीतून तिच्यापर्यंत बहुतेक वेळा उजव्या बाजूने जातात, कारण डाव्या बाजूला हृदय आणि महाधमनी आड येतात. त्यामुळे पहिला प्रश्न असतो: फुप्फुसातली गाठ कोणत्या बाजूला?

गाठ उजवीकडे, छोटी आणि कडेला असेल तर त्याच भुलेत, त्याच छिद्रांतून दोन्ही कामं होऊ शकतात. इथे एकदम करण्यालाच माझी पसंती असते. कारण पुढे वेगळं ऑपरेशन करायचं म्हटलं तर अडचण होते: अन्ननलिकेच्या जागी जठराची नळी करून छातीत वर ओढलेली असते, आतलं सगळं चिकटलेलं असतं, आणि त्या नळीचा रक्तपुरवठा न दुखावता उजव्या फुप्फुसावर काम करणं जोखमीचं होऊन बसतं. आधी तुकडा मिळाला नसेल तर ऑपरेशनमध्ये फुप्फुसाची गाठ पहिल्यांदा काढून फ्रोझन तपासणीला, म्हणजे तुकडा गोठवून लगेच बघायला, पाठवतात. तासाभरात उत्तर येतं आणि पुढे जायचं की थांबायचं ते तिथेच ठरतं.

गाठ डावीकडे असेल तर दोन्ही बाजूंनी छातीत जावं लागतं. एकाच दिवशी दोन्ही बाजूंना हात घालणं शरीराला फार जड जातं, म्हणून सहसा दोन टप्पे करतात, मधे काही आठवडे ठेवून. यातही एक गोम आहे. अन्ननलिकेवर उजव्या छातीतून काम करताना उजवं फुप्फुस मिटवून ठेवतात आणि पेशंट फक्त डाव्या फुप्फुसावर श्वास घेतो. डावीकडचा मोठा भाग आधीच काढलेला असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांची कसोटी लागते. म्हणून टप्पे करायचे झाले तर बहुतेक वेळा अन्ननलिका आधी. तिची गाठ जेवण बंद करते, आणि ती सहसा वेगाने वाढते.

आणि जमत असूनही करू नये असं कधी? फुप्फुसाचा मोठा भाग काढावा लागणार असेल तेव्हा. सबंध उजवं फुप्फुस आणि अन्ननलिका एकाच वेळी काढणं आम्ही टाळतोच. त्याचं कारण पुढे धोक्यांच्या प्रश्नात येईल.

फुप्फुसाचा किती भाग काढतात? उरलेला पुरेल का?

उजव्या फुप्फुसाचे तीन लोब, डाव्याचे दोन. प्रत्येक लोबचे आणखी छोटे भाग धरले तर हिशेबासाठी एकूण १९ धरतात: उजवीकडे १०, डावीकडे ९. ऑपरेशनआधी फुंकर मारायच्या यंत्रावर तपासणी होते, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ती. रिक्षावाल्या काकांचा आकडा २ लिटर होता. उजव्या वरच्या लोबचे ३ भाग काढायचे, म्हणजे १९ पैकी १६ उरणार; २ लिटरचे साधारण १.७ लिटर राहतील. तेवढं पुरतं. याखेरीज फुप्फुस रक्तात वायू किती सोडतं तेही मोजतात, आणि आकडे काठावर असतील तर सायकल चालवून घेऊन तपासणी करतात.

माझी घरगुती तपासणी जिन्याची. काका बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. 'न थांबता चढता का?' म्हटलं. ते हो म्हणाले, बायको मागून नाही म्हणाली. दुसऱ्या मजल्यावर ते 'चपलेचा पट्टा नीट करायला' थांबत असत. अशा वेळी मी बायकोचं ऐकते.

पूर्वी फुप्फुसाच्या कर्करोगात अख्खा लोब काढणं हाच नियम होता. २ सेंटिमीटरपर्यंतच्या, कडेच्या, सुरुवातीच्या गाठींमध्ये लोबपेक्षा छोटा भाग काढूनही चालतं, हे जपानमधल्या २०२२ साली आणि अमेरिकेतल्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. दोन कर्करोग असलेल्या पेशंटसाठी ही फार सोयीची गोष्ट झाली, कारण त्याला वाचवलेलं प्रत्येक इंच फुप्फुस अन्ननलिकेच्या ऑपरेशनातून उठताना उपयोगी पडतं.

आधी केमो आणि शेक कशाला? सरळ ऑपरेशन करा ना.

अन्ननलिकेची गाठ भिंतीच्या खोल थरात गेली असेल किंवा ग्रंथींत पोचली असेल तर नुसत्या ऑपरेशनपेक्षा आधी औषधं दिलेली बरी, हे आता पक्कं झालं आहे. स्क्वॅमस कर्करोगात जास्त वापरली जाणारी पद्धत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासातून आली: आठवड्यातून एकदा केमो, अशी पाच वेळा, आणि त्याच काळात २३ दिवस रेडिएशन, म्हणजेच शेक. अडेनो जातीत आता ऑपरेशनच्या आधी आणि नंतर चार औषधांची केमो देण्याकडे कल वाढला आहे.

दोन कर्करोगांच्या पेशंटमध्ये याचा एक आडफायदा होतो. त्या डच पद्धतीतली कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधं फुप्फुसाच्या कर्करोगातही वापरतात. डोस कमी असतो, त्यामुळे फुप्फुसाची गाठ त्यावर बरी होईल अशी आशा धरू नका. पण उपचार संपल्यावरच्या स्कॅनमध्ये ती किती हलली, हे बघायला मिळतं. आणि या दोन-अडीच महिन्यांत नव्या गाठी उगवल्या, तर एक मोठं, निरुपयोगी ऑपरेशन टळतं.

शेक घेतल्यावर बाबांना छान गिळता येतंय. मग आता ऑपरेशन कशाला?

गाठ आकसली की घास उतरतो. गाठ गेली असा त्याचा अर्थ होत नाही. त्याच अभ्यासात स्क्वॅमसच्या जवळजवळ निम्म्या पेशंटच्या काढलेल्या अन्ननलिकेत जिवंत कर्करोग उरला नव्हता. म्हणजे निम्म्यांच्यात उरला होता, आणि आपला पेशंट कुठल्या निम्म्यात आहे हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. फुप्फुसाच्या गाठीला तर शेक मिळालेलाच नसतो, तिचा हिशेब तसाच बाकी असतो.

शेक संपल्यावर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी ऑपरेशन ठरतं. नेमकी याच काळात माणसं गावी निघून जातात. गणपतीला जा, पण तारीख घेऊन जा.

ऑपरेशनमध्ये नेमकं करतात काय?

फाईलवर 'मॅकिओन' किंवा 'आयव्हर लुईस' असं लिहिलेलं दिसेल, ती या पद्धती शोधणाऱ्या सर्जनांची नावं. दोन्हींत गाठीसकट अन्ननलिका आणि आजूबाजूच्या ग्रंथी काढतात, जठराची लांबट नळी शिवून ती वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. आयव्हर लुईसमध्ये जोड छातीत असतो, मॅकिओनमध्ये मानेत. फुप्फुसाचं कामही त्याच दिवशी असेल तर जोड मानेत असलेला बरा, असं माझं मत: तो गळला तर घाण मानेतून बाहेर काढता येते. काही वेळा जठराची नळी नेहमीच्या जागेऐवजी छातीच्या पुढच्या हाडामागून नेतात, म्हणजे ती फुप्फुसाच्या शिवणीपासून लांब राहते.

दुर्बिणीने केलं तर छिद्रं छोटी असतात, दुखणं कमी असतं, न्यूमोनियाही कमी होतो. आतलं ऑपरेशन मात्र तेवढंच मोठं असतं. 'दुर्बिणीचं आहे, दोन दिवसांत घरी येतील' असं शेजारी सांगतील. त्यांचं पित्ताशयाचं होतं.

धोका किती? खरं सांगा.

अन्ननलिकेचं ऑपरेशन हे पोटा-छातीच्या सगळ्यात मोठ्या ऑपरेशनांपैकी एक आहे, आणि त्यात फुप्फुसाचं काम जोडलं की जोखीम वाढते. टक्केवारी तुमच्या सर्जनला विचारा, आणि त्यांच्या स्वतःच्या पेशंटची विचारा. वर्षाला किती अन्ननलिका करता, असंही विचारा. चांगला सर्जन रागावणार नाही.

सगळ्यात जास्त भीती जोड गळण्याची. एरवीही ती असते, पण इथे तिचं रूप वेगळं. फुप्फुसाचा मोठा भाग काढला की छातीत पोकळी राहते आणि कापलेल्या श्वासनलिकेचं टोक शिवलेलं असतं. जठराची नळी जवळच गळली तर आंबट, जंतूंनी भरलेला रस त्या पोकळीत साचतो, शिवण कुजते आणि हवेची वाट उघडी पडते. दोन ऑपरेशनं जोडताना एवढा विचार करतात तो यासाठी. म्हणूनच फुप्फुसाचा शक्य तेवढा छोटा भाग काढायचा, शिवणीवर स्नायूचा किंवा चरबीचा थर पांघरायचा आणि तिचा रक्तपुरवठा जपायचा.

बाकीच्या अडचणी: न्यूमोनिया, हृदयाचे ठोके अनियमित होणं, आवाज बसणं. छातीतल्या नळीला (ड्रेनला) जोडलेल्या बाटलीत बुडबुडे येत राहिले तर फुप्फुसाच्या कापलेल्या जागेतून हवा झिरपते आहे. बहुतेक वेळा ते काही दिवसांत आपोआप थांबतं. नळीतून दूध-पोषण सुरू झाल्यावर बाटलीतलं पाणी दुधाळ दिसू लागलं तर लगेच सिस्टरना दाखवा. लसीकेची मोठी वाहिनी गळत असू शकते. रात्री दोन वाजता दिसलं तरी सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

ऑपरेशन झेपणारच नसेल तर?

तर दोन्हींपैकी एका ठिकाणी चाकू टाळता येतो का ते बघतात. सुरुवातीच्या, छोट्या फुप्फुसाच्या गाठीला नेमका, जोरदार डोसचा शेक मोजक्या बैठकांत देता येतो. अन्ननलिकेचा कर्करोग आतल्या वरवरच्या थरातच असेल तर तो एंडोस्कोपीतूनच खरवडून काढता येतो. असे पेशंट आपल्याकडे कमी, कारण घास अडकेपर्यंत कोणी येत नाही. अन्ननलिकेच्या स्क्वॅमसला पूर्ण डोसचा केमो-शेक देऊन ऑपरेशन न करण्याचाही मार्ग आहे. हे सगळे खरे उपचार आहेत, 'काहीतरी करायचं म्हणून' दिलेले नाहीत.

बाबांना सांगू नका हं, ते खचतील.

हे वाक्य मी रोज ऐकते. पण संमतीच्या कागदावर सही बाबांची लागते, आणि ऑपरेशननंतर दुखत असताना खोकायचं, चालायचं तेही बाबांनीच. ज्याला काय झालं ते माहीत नाही तो का म्हणून त्रास सोसेल? सगळं एका दिवसात सांगायची गरज नाही. त्यांनी विचारलं तेवढं, खरं सांगा. बहुतेकांना आधीच कळलेलं असतं आणि ते तुमच्यापासून लपवत असतात.

ऑपरेशनआधी घरी काय करायचं?

तंबाखू, विडी, मिसरी आजपासून बंद. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे तरी. जमत नसेल तर १८००११२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. तीन चेंडूंचं श्वासाचं खेळणं मिळेल, ते टीव्हीसमोर दर तासाला ओढायचं. फुंकायचं नाही, ओढायचं. निम्मे लोक उलटं करतात. रोज चालायचं, तलावपाळीला फेऱ्या मारा नाहीतर इमारतीच्या गच्चीवर.

आणि वजन. घन पदार्थ उतरत नसतील तर पेजेवर दिवस काढू नका. पेजेत पाणीच जास्त. अंडं, दूध, डाळीचं दाट वरण, दाण्याचं कूट मिक्सरमधून काढून द्या. तेही उतरत नसेल तर नाकातून किंवा पोटातून नळी घालून घ्या. नळीला 'शेवटचा उपाय' समजून लोक नाही म्हणतात आणि दहा किलो घालवून बसतात. मग ऑपरेशनच पुढे ढकलावं लागतं.

कुठे दाखवायचं? खर्चाचं काय?

ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की खारघरला थेट उतरता येतं; तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र आहे. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासूनचं, मध्य रेल्वेच्या स्लो लोकलने परळला उतरून जाता येतं. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या पेशंटला बसता येतं, कागद जवळ ठेवा. इतर मोठ्या रुग्णालयांतही ही ऑपरेशनं होतात. पाहायचं ते एवढंच की छातीचे कर्करोग सर्जन, अनुभवी भूल-तज्ज्ञ, चांगलं आयसीयू आणि ट्यूमर बोर्ड एका छताखाली आहे का.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सध्या कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, तेही भरती होण्याआधी, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. दोन कर्करोग म्हणजे दोन वेगळी पॅकेजेस होऊ शकतात. सर्जनच्या चिठ्ठीवर दोन्ही निदानं स्पष्ट लिहून घ्या.

किती दिवस रुग्णालयात? घरी आल्यावर काय?

सगळं सुरळीत झालं तर १० ते १४ दिवस. पहिले काही दिवस तोंडाने काही नाही. पोषण आतड्यात घातलेल्या नळीतून. ती नळी घेऊनच घरी पाठवतात. रोज दोन्ही वेळा पाणी सोडून ती धुवायची, नाहीतर चोंदते.

जठर आता छातीत आहे आणि अरुंद आहे. म्हणून दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं. जेवताना घटाघट पाणी नाही. जेवल्यावर तासभर आडवं व्हायचं नाही आणि झोपताना डोक्याकडची बाजू उंच, पलंगाच्या पायांखाली विटा ठेवा. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर आली तर घाबरू नका, अन्न आतड्यात फार लवकर उतरल्याने असं होतं. गोड कमी करा. घास पुन्हा अडकायला लागला तर मात्र या. बहुतेकदा जोड आकसलेला असतो, एंडोस्कोपीतून फुगा घालून रुंद करता येतो.

पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी, सीटी स्कॅन आणि दर वेळी तोंड-घसा बघणं. दोन झाले म्हणून तिसरा होणार नाही असं नसतं.

मामलेदारची मिसळ खाता येईल का?

हसू नका, हा प्रश्न खरोखर विचारला गेला, आणि रिक्षावाल्या काकांनीच विचारला, आयसीयूतून बाहेर आल्याच्या दुसऱ्या दिवशी, बसलेल्या आवाजात. तेव्हा मी नाही म्हटलं. चार महिन्यांनी ते फॉलोअपला आले तेव्हा जोड छान होता, वजन दोन किलोने वाढलं होतं. म्हटलं, खा, पण कट वेगळा ठेवायला सांगा, पाव भिजवून घ्या आणि अर्धी प्लेट अर्ध्या तासात. पुढच्या वेळी मुलीने तक्रार केली: अर्धी प्लेट बाबांनी खाल्ली, कटाची वाटी मात्र हळूच संपवली. रात्रभर छातीत जळजळ झाली म्हणे. आम्लाची गोळी वाढवून दिली.